उचल घेण्यापूर्वी रक्ताचा एक थेंब

'अंगात रक्त नाही' हे वाक्य मराठवाड्यात, आणि त्यातही आमच्या बीड जिल्ह्यात, इतक्या सहजपणे उच्चारले जाते की आपण एखाद्या व्याधीचे निदान करीत आहोत याचे भान बोलणाऱ्याला राहत नाही आणि ऐकणाऱ्यालाही राहत नाही. बाळंतीण वाळली तर तिच्या अंगात रक्त नाही, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना एखाद्या बाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिच्या अंगात रक्त नाही, आणि प्रार्थनेच्या रांगेत पोर भोवळ येऊन पडले तर त्याच्याही अंगात रक्त नाही. आणि या सर्वांवर सरकारी दवाखान्यातून मिळणारा उपाय बहुधा एकच, तो म्हणजे लोहाची गोळी.

गोळीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, आणि अशा प्रांतात लोहाची गोळी घरोघर पोचविणे हे पुण्यकर्मच म्हटले पाहिजे. तक्रार आहे ती निराळीच. रक्त उणे पडण्याची कारणे अनेक, त्यांतील एक कारण असे की जे लोहाच्या गोळीला मुळीच दाद देत नाही, कारण तेथे उणीव कच्च्या मालाची नसते, तर ज्या हुकुमाबरहुकूम रक्त घडते त्या हुकुमाच्या वाचनातच खोट असते. आणि ही खोट अगदी स्वस्तात, एका थेंबात, ओळखता येत असूनही आपण ती ओळखण्याची तसदी घेत नाही. ती तसदी बीड जिल्ह्यात कोणी, केव्हा आणि कशी घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु त्यासाठी रक्त घडते कसे, हे थोडे विस्ताराने पाहणे भाग आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी जन्म घेतात आणि सुमारे १२० दिवस शरीरभर प्राणवायू वाहून त्या नाहीशा होतात. हा अखंड व्यवहार ज्या थोड्या पेशींच्या भांडवलावर चालतो त्यांना रक्तजनक मूलपेशी असे नाव आहे. कॅनडातील टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक या दोघांनी, किरणांच्या माऱ्याने ज्यांची मज्जा निकामी झाली आहे अशा उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतील पेशी टोचल्या, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर बारीक बारीक गाठी उठलेल्या दिसल्या. आणि अशी एकेक गाठ म्हणजे एकाच पेशीचा वंशविस्तार असला पाहिजे, हे १९६१ साली मांडलेले त्यांचे अनुमान पुढे खरे ठरले. एका निरोगी माणसाच्या रक्तातील पेशींची वंशावळ मांडून २०१८ साली संशोधकांनी जो हिशेब केला, त्यात त्याचे रक्त चालविणाऱ्या मूलपेशींची संख्या ५० हजार ते २ लाख यांच्या दरम्यान निघाली. अब्जावधी पेशींच्या या कारभारात हा आकडा अगदीच किरकोळ आहे. शिवाय या मूलपेशी बहुतेक काळ निद्रिस्त असतात, विभाजनाची घाई करीत नाहीत, कारण प्रत्येक विभाजनाच्या वेळी संहितेची नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नकलेत चूक शिरण्याचा संभव असतो.

आता मौज अशी की निद्रिस्त मूलपेशी, तिच्यापासून निपजणारी तांबडी पेशी घडविणारी कन्या, जंतूंवर तुटून पडणारी पांढरी पेशी, किंबहुना यकृताची वा त्वचेची पेशी, या सर्वांच्या पोटी असलेली जनुकांची संहिता एकच असते. मग एकच मजकूर जवळ बाळगणाऱ्या या पेशींनी इतके भिन्न धर्म धारण करावेत, हे कसे? अंबाजोगाईच्या वाचकाला दासोपंतांची पासोडी नव्याने सांगायला नको. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर त्या सत्पुरुषाने 'पंचीकरण' हा आपला ग्रंथ लिहून काढला; पण पासोडी घडी घालून ठेवलेली असली तर सारा ग्रंथ आपल्या हाती असूनही एक ओवी वाचता येत नाही, आणि घडी जेवढी उलगडावी तेवढाच भाग बोलू लागतो. प्रत्येक पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा, डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात, असाच घड्या घालून ठेवलेला असतो. कोणती घडी उलगडली, तेथील कोणत्या जनुकाची नक्कल निघाली आणि त्या नकलेबरहुकूम कोणते प्रथिन किती तयार झाले, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. या साऱ्या प्रक्रियेला जनुकाविष्कार म्हणतात.

घड्या उलगडण्याचा आणि मिटण्याचा अंमल काही नियामक प्रथिनांकडे असतो. रक्ताच्या बाबतीत त्यांतील दोन विशेष मातब्बर आहेत: गाटा-१ आणि पीयू-१. पहिल्याचा जोर झाला तर पेशी तांबड्या रक्ताच्या वाटेला लागते, दुसऱ्याचा झाला तर पांढऱ्या पेशींच्या वाटेला. आणि ही दोन प्रथिने एकमेकांना धरून एकमेकांचे काम अडवितात, म्हणजे भाऊबंदकी थेट मज्जेपर्यंत पोचली आहे म्हणावयाची. या कलहाला आरंभ कोण करतो, की निर्णय अगोदरच अन्यत्र होऊन हे दोघे केवळ त्याची अंमलबजावणी करतात, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकवाक्यता नाही. परंतु वाचन अडले म्हणजे काय अनर्थ होतो, आणि ते पुन्हा सुरू करता आले म्हणजे केवढा लाभ होतो, याचे एक प्रमाण निर्विवाद आहे. प्रोमायलोसायटिक नावाच्या रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी अर्धवट वयातच अडकून पडतात, पक्व होत नाहीत आणि मरतही नाहीत. अशा रोग्याला 'अ' जीवनसत्त्वाचे अम्लरूप आणि त्याच्या जोडीला सोमलाचे संयुग दिले असता त्या पेशींतील अडलेला मजकूर वाचला जाऊ लागतो, पेशी पक्व होतात आणि बहुसंख्य रोगी बरे होतात. वैद्यांच्या बटव्यातला सोमल अशा मार्गाने आधुनिक रुग्णालयात प्रतिष्ठा पावेल, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर त्याची थट्टाच झाली असती.

गर्भाचे रक्त आणि आपले रक्त एकच नव्हे, ही गोष्ट मात्र प्रत्येक आईबापाने समजून घेण्यासारखी आहे. गर्भ पाचव्या आठवड्याच्या सुमारास असताना त्याच्या महारोहिणीच्या भिंतीतून पहिल्या खऱ्या रक्तजनक मूलपेशी बाहेर पडतात, तेथून त्या यकृतात मुक्काम करतात आणि जन्माच्या सुमारास कायमच्या बिऱ्हाडाला मज्जेत येतात. गर्भावस्थेत तांबड्या पेशी जे हिमोग्लोबिन बनवितात त्यात आल्फा आणि गॅमा या साखळ्या असतात. जन्मानंतर गॅमाचे जनुक हळूहळू मिटत जाते, शेजारचे बीटाचे जनुक उलगडते, आणि वर्षाच्या आत हा खांदेपालट जवळजवळ पुरा होतो. गॅमाचे जनुक कोठेही जात नाही. ते जागच्या जागी, शाबूत, केवळ न वाचलेले असे आयुष्यभर राहते. १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या ध्यानात आले की सिकलसेलचा दोष घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या तांबड्या पेशी सुरुवातीचे काही महिने कोयत्यासारख्या वाकत नाहीत, आणि गर्भाचे हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करीत असावे. गॅमाचे जनुक मिटविण्याच्या कामी बीसीएल-११-ए नावाचे एक प्रथिन प्रमुख असते, हे कळायला पुढे साठ वर्षे लागली.

आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचा पट्टा नाही; तो नंदुरबार-धुळ्याकडे आणि विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडे आहे. परंतु बीटा थॅलसेमिया हा तिचा चुलतभाऊ कोणत्याही जिल्ह्याची शीव पाळीत नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक, पण इतरांत तो नाहीच असे समजण्याला आधार नाही. देशभर शंभरांत तीन-चार माणसे त्याची वाहक आहेत आणि दर वर्षी दहा-बारा हजार बाधित बालके जन्माला येतात, असा अंदाज जाणकार देत आले आहेत. सिकलसेलमध्ये संहितेतील अक्षरच चुकलेले असते आणि म्हणून प्रथिन वाकडे निपजते. थॅलसेमियात बहुधा तसे नसते. भारतात त्याचे जे कारण सर्वांत अधिक आढळते ते पाहावे: बीटाच्या जनुकाची नक्कल निघाल्यावर तिच्यातील मधले निरर्थक भाग कापून उरलेले तुकडे सांधावे लागतात; अशा पहिल्या मधल्या भागातील पाचवे अक्षर बदललेले असते. प्रथिनाचा मजकूर जशाच्या तसा असतो, एका अक्षराचाही त्यात फरक नसतो. फक्त कोठे कापावे याची खूण पुसट झालेली असते, म्हणून कापणी चुकते आणि बीटाची साखळी अत्यल्प निपजते. मजकूर शुद्ध आणि वाचन अशुद्ध, अशी ही व्याधी आहे.

ज्याच्याकडे अशी एक प्रत सदोष आणि दुसरी निर्दोष, तो वाहक. त्याला काही होत नाही, त्याच्या पेशी थोड्या लहान असतात, एवढेच. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक या प्रमाणात मूल दोन्ही सदोष प्रती घेऊन येते. ते जन्मतः गुटगुटीत असते, कारण गॅमा अजून वाचला जात असतो. पाच-सहा महिन्यांनी ते फिकुटू लागते, दूध सोडते, प्लीहा वाढून पोट डब्ब होते. त्याची दृष्ट काढून होते, गावदेवीला नारळ फुटतो, टॉनिकच्या दोन बाटल्या संपतात, आणि मग कोणीतरी शहाणा डॉक्टर रक्त तपासायला सांगतो. तेथून पुढे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढविणे, हा त्या घराच्या पंचांगातला नवा सण होऊन बसतो. पोराच्या हाताला पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली, सुई हलू नये म्हणून आईने तो हात मांडीवर दाबून धरलेला, बाप रक्तपेढीच्या खिडकीपाशी बदली रक्तदात्याची वाट पाहत उभा. आणि तीन-चार तासांनी पिशवी संपली की पोराच्या ओठांवर जो तांबूस रंग चढतो, तो पाहूनच आईबाप पुढच्या वेळचे गाडीभाडे जमवायला लागतात. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, ते बाहेर टाकण्याची वाट निसर्गाने ठेवलेली नाही, म्हणून ते काढण्याची औषधे निराळी घ्यावी लागतात. ती न घेतली तर लोह काळजात आणि यकृतात साचते. ज्या जिल्ह्यात सर्वांना लोह वाटायचे त्याच जिल्ह्यात या लेकराचे लोह काढायचे, असा हा विलक्षण विरोध आहे.

आणि हे घर ऊसतोडीला जाणारे असेल तर? ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर पुरविणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल, टनाचा हिशेब, टोळीतील जागा, सर्व काही या जोडीवर ठरते. दसऱ्या-दिवाळीला निघून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात सहा महिने राहणाऱ्या या कुटुंबातील एका पोराला तीन आठवड्यांनी रक्त लागते म्हटले की दोघांपैकी एकाला मागे राहणे भाग पडते, कोयता अर्धा होतो, उचल फिटत नाही, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलसेमियाला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, ही उत्तम गोष्ट झाली. परंतु दाखल्याने उचल फिटत नाही.

या व्याधीवर विज्ञानाने काय केले, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल, आणि त्यातील काही काम आपल्याच महाराष्ट्रात झालेले आहे याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. आणि भावा-बहिणीची मज्जा जुळली तर थॅलसेमियाच्या बालकाला त्याच मार्गाने कायमचे बरे करता येते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग रक्तजनक मूलपेशींना वाहिला. काळे यांच्या गटाने २०१८ साली उंदरांवरील जो प्रयोग प्रसिद्ध केला तो मला फार मार्मिक वाटतो. म्हाताऱ्या झालेल्या मूलपेशी नव्या शरीरात नीट रुजत नाहीत. पण त्यांना थोडा काळ तरुण आधारपेशींच्या सहवासात ठेवले, तेव्हा तरुण पेशींनी सूक्ष्म पुटिकांत भरून जनुकांच्या काही नकला त्यांच्याकडे पाठविल्या, त्या नकलांनी पेशीतील जुना कचरा पचविण्याची थांबलेली क्रिया पुन्हा सुरू केली, आणि म्हाताऱ्या मूलपेशी तरण्या पेशींसारख्या वागू लागल्या. उलट म्हाताऱ्या आधारपेशींच्या पुटिकांत हाच मजकूर दडपणारे बारीक आरएनए निघाले. म्हणजे मूलपेशीची संहिता कशी वाचली जावी हे तिच्या एकटीच्या हाती नाही, शेजारही तिला घडवितो आणि बिघडवितो.

दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया या दुसऱ्या एका रक्तव्याधीच्या पाच रोग्यांच्या स्वतःच्या मूलपेशी काढून, त्यांत रक्त गोठविणाऱ्या घटकाचे जनुक घालून त्या परत दिल्या, हे वृत्त २०२४ च्या अखेरीस आले. तेथील खुबी अशी की नव्या जनुकाच्या आरंभी असा नियामक जोडला होता की ते मूलपेशीत मुके राहावे आणि तिच्या विशिष्ट पांढऱ्या वंशजांतच बोलावे. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने, पाठोपाठ डिसेंबरात अमेरिकेने, जे जनुक-संपादनाचे औषध मंजूर केले, त्यात तर बीटाच्या जनुकाला हातही लावलेला नाही: रोग्याच्या मूलपेशींत बीसीएल-११-ए या प्रथिनाला तांबड्या पेशींपुरते जागे करणारी जी एक कळ आहे तेवढीच कापली, म्हणजे गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाचले जाऊ लागते. कल्पना अप्रतिम. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात. त्यातही जुनी मज्जा विषारी औषधाने रिकामी करावी लागते, आणि ते सोसण्याला उत्तम रुग्णालय व दीर्घ मुक्काम हवा.

अठरा कोटींच्या औषधाचे वृत्त वर्तमानपत्रांत मोठ्या टायपात येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी सिकलसेलच्या बालकांना हायड्रॉक्सियुरियाचा कमी डोस देऊन वेदनेचे झटके आणि रक्त चढविण्याची गरज किती घटते हे वर्षानुवर्षे दाखविले, त्याला मात्र तेवढे टाइप मिळत नाहीत. हायड्रॉक्सियुरियाही शेवटी मिटलेला गॅमाच थोडा उलगडतो. स्वस्त कॅप्सूल, रोज एक, अधूनमधून रक्ततपासणी. थॅलसेमियात तिचा गुण सर्वांना सारखा येत नाही, हे खरे. तरीही जे थोडक्या पैशांत होऊ शकते त्याकडे पाठ फिरवून जे आपल्या आवाक्याबाहेर आहे त्याची घोषणा करीत बसणे, हा आपल्या सार्वजनिक आरोग्याचा जुना छंद आहे, आणि त्यावर माझा राग आहे.

थॅलसेमियाच्या बाबतीत थोडक्या पैशांत होणारी गोष्ट म्हणजे वाहक ओळखणे. 'नेस्ट्रॉफ्ट' नावाची एक चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. काचेच्या नळीत ०.३६ टक्के क्षाराचे २ मिलिलिटर द्रावण घ्यावे, त्यात बोटाच्या रक्ताचा एक थेंब सोडावा, अर्धा तास थांबावे, आणि मग पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने ओढलेल्या रेघेसमोर ती नळी धरावी. साधारण माणसाच्या पेशी त्या पातळ द्रावणात फुटतात, द्रावण निवळ होते आणि रेघ स्वच्छ दिसते. वाहकाच्या लहान, चिवट पेशी फुटत नाहीत, द्रावण गढूळ राहते आणि रेघ पुसट होते किंवा दिसतच नाही. लोहाच्या कमतरतेतही रेघ पुसट होऊ शकते, म्हणून ही चाळणी आहे, निकाल नव्हे. निकालासाठी पुढे मोठ्या यंत्रावर हिमोग्लोबिन ए-२ मोजावे लागते आणि ते साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाले तर वाहकपण ठरते. याहूनही सोपी एक खूण बहुतेक गरोदर बायांच्या फायलीत आधीच पडून असते. सीबीसी या रक्ततपासणीच्या छापील कागदावर पेशींचा सरासरी आकार आणि पेशींची संख्या हे दोन आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलसेमियाचा संशय घ्यावा, हे मेंट्झर नावाच्या डॉक्टराने १९७३ साली सांगून ठेवले आहे. गरोदरपणात आणि जोडीला लोहक्षय असताना हा भागाकार फसतोही. पण भागाकार करण्याला पैसा पडत नाही, आणि आपल्याकडे त्या कागदावर एकच आकडा वाचला जातो, हिमोग्लोबिनचा, आणि तो अकराच्या खाली दिसला की गोळी.

हे सर्व करावे असे राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१६ सालीच मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवले आहे. तेव्हा नवे फर्मान काढण्याची गरज नाही. अडचण आहे ती वेळेची, आणि ती आमच्या जिल्ह्याची खास अडचण आहे. गरोदर बाईची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, तिची रेघ पुसट निघाली तर नवऱ्याची व्हावी, दोघे वाहक निघाले तर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता यावी, असा शास्त्राचा क्रम. आणि ऊसतोडीचा हंगाम नेमका याच क्रमाच्या मधोमध नांगर घालतो. बाई सांगली-कोल्हापूरच्या फडात, तिची फाईल केज-धारूरच्या उपकेंद्रात, आणि नवऱ्याच्या रक्ताची तर कोठेच नोंद नाही. म्हणून माझे म्हणणे असे की बीड जिल्ह्यात ही चाचणी गरोदरपणाशी न बांधता स्थलांतराशी बांधावी: टोळी निघण्यापूर्वी, उचलीच्या वेळी, जोडप्यातील दोघांच्या बोटाचा थेंब एकाच दिवशी घ्यावा, मूल पोटात असो वा नसो. मुकादमाची वही जोडप्यागणिक मांडलेली असतेच, आणि या व्याधीचा हिशेबही एकट्याचा होत नाही, जोडप्याचाच होतो. संशयित नमुन्यांची पक्की तपासणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवावी. ज्या गावात स्वामीजींनी शाळा चालविली तेथील, ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेल्या महाविद्यालयाला, याहून अनुरूप काम कोणते असणार?

यावर पहिला आक्षेप येईल तो सोयरिकीचा. वाहक निघालेल्या पोरीचे लग्न मोडेल, ती माहेरी बसेल, तिला 'रोगट' म्हणतील. आक्षेप खोटा नाही, आणि म्हणूनच लग्नाआधी मुलींना रांगेत उभे करून त्यांचे थेंब गोळा करण्याला माझा विरोध आहे. सायप्रसमध्ये ते साधले. तेथील चर्चने १९८३ पासून विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि बाधित बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. पण तेथे दाखला वर-वधू दोघांचा होता, आणि तो दिल्यावर लग्न करायचे की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे होते. आमच्याकडे दोघांचा म्हणून सुरू झालेला दाखला महिन्याभरात एकटीचा होईल. विवाहित जोडप्याची तपासणी केल्यास निदान सोयरीक मोडण्याचे भय राहत नाही. आमच्याकडे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न लावण्याची चाल अजून जिवंत आहे, आणि त्या चालीचा येथे हिशेब आहे: परक्या घरची बायको वाहक असण्याचा संभव शंभरांत तीन-चार, परंतु नवरा वाहक असेल तर त्याच्या सख्ख्या मामाच्या मुलीत तोच दोष उतरला असण्याचा संभव आठांत एक. नाते मोडा असे मी म्हणत नाही. त्या घरांनी थेंब आधी द्यावा, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातून येतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली, हा आकडा ज्या जिल्ह्याने देशापुढे ठेवला तेथे गर्भाची कोणतीही नवी तपासणी सुरू करताना हात थरथरले पाहिजेत. आणि ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचे जे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले व ज्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेही याच जिल्ह्याचे. अंगावरून जाणाऱ्या रक्ताचे कारण शोधण्यापेक्षा अवयव काढून टाकणे ज्यांना सोयीचे वाटले, त्यांच्या हाती आणखी एक तपासणी द्यायची का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उद्धट नाही. माझे उत्तर असे की चाळणी गावात व्हावी, पण गर्भाची तपासणी मात्र खाजगी दवाखान्याच्या हाती मुळीच जाऊ नये. ती केवळ शासकीय महाविद्यालयात, लिंगनिदानबंदी कायद्याच्या नोंदवहीत नोंद करून, जोडप्याशी समुपदेशकाने दोनदा बोलल्यावर आणि बाईने स्वतः मान्यता दिल्यावरच व्हावी. असे केल्याने काही जोडपी निसटतील. निसटू द्यावीत.

राहता राहिला प्रश्न नवऱ्यांचा. गरोदर बाईच्या बोटाला सुई टोचायला आशाताईला कोणी अडवीत नाही, पण पुरुषाचे बोट मागितले की 'मला काय धाड भरली' असे उत्तर मिळते, आणि जोडप्यातील एकाच्या थेंबावर या व्याधीचा निर्णय होत नाही. परिपत्रकाने ही अडचण सुटणार नाही. टोळीत मुकादमाचा शब्द चालतो. पुढारी, डॉक्टर, ग्रामसेवक यांच्या भाषणाने जे होत नाही ते मुकादमाने मान हलविली की होते. तेव्हा पोळ्यानंतर, उचलीचे अंगठे उठायला लागण्यापूर्वी, जेव्हा आशाताई नळ्या, द्रावण आणि काळ्या रेघेचा कागद घेऊन वस्तीवर येतील, तेव्हा पहिले बोट मुकादमाने पुढे करावे आणि दुसरे त्याच्या बायकोने, मग टोळीची नावे वहीच्या क्रमाने घ्यावीत.